मुखातील जिवाणूंची परस्पर स्पर्धा : दंतक्षयाच्या संदर्भात

प्रस्तावना

‘दात किडला’ हा मराठीतील रोजच्या वापरातला शब्दप्रयोग आहे. दातात एखादी कीड शिरते व ती दात आतून पोखरते, ही जुनी समजूत या शब्दप्रयोगात टिकून राहिली आहे. दुखऱ्या दातातून कीड बाहेर काढून दाखवणारी माणसे बाजारात आणि जत्रांत पूर्वी हमखास दिसत. ही समजूत केवळ आपल्याकडची नव्हे. प्राचीन बाबिलोनियातही ती होती आणि युरोपातही ती शतकानुशतके रूढ होती. फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार यांनी १७२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ती नाकारली. पुढे १८९० मध्ये डब्ल्यू. डी. मिलर यांनी मुखातील सूक्ष्मजीव पिष्टमय व शर्करायुक्त पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दाताचे खनिज विरघळते, अशी मांडणी केली. १९२४ मध्ये किलियन क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून ‘स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स’ हा जिवाणू वेगळा केला. १९६० च्या सुमारास पॉल कीज आणि रॉबर्ट फिट्झजेराल्ड यांनी हॅमस्टर या प्राण्यावर केलेल्या प्रयोगांनी दंतक्षय हा एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, असे दाखवून दिले. अशा रीतीने किड्याची जागा जिवाणूने घेतली. तथापि ‘एक रोग, एक शत्रू’ ही विचाराची चौकट बदलली नाही.

या चौकटीत न बसणारी एक गोष्ट मात्र पुढे वारंवार आढळू लागली. ज्यांचे दात निरोगी आहेत अशा अनेकांच्या मुखातही म्यूटन्स असतो. फक्त त्याचे प्रमाण अल्प असते. उलट काही किडलेल्या दातांत म्यूटन्स जवळजवळ सापडत नाही आणि त्याचे काम आम्ल तयार करणारे इतर जिवाणू करताना दिसतात. मानवी मुखात आजवर सातशेहून अधिक प्रकारच्या जिवाणूंची नोंद झाली आहे. तेव्हा म्यूटन्स मुखात आहे की नाही, या प्रश्नापेक्षा त्याला कोण व कशाच्या बळावर दाबून ठेवते आणि हा दाब केव्हा सैल पडतो, हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात. प्रस्तुत लेखात याच प्रश्नांचा परामर्श घेतला आहे.

जागेसाठी चुरस

१६८३ मध्ये डेल्फ्ट येथील आंतोनी फान लेव्हेनहूक याने आपल्या दातांवरचा पांढरट थर खरवडून स्वतः घडवलेल्या भिंगाखाली ठेवला आणि त्यात वळवळणारे सूक्ष्म जीव पाहिल्याचे लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. हाच थर आज ‘प्लाक’ या नावाने ओळखला जातो आणि तो खनिजांनी कठीण झाला की त्याला किटण म्हणतात. एक मिलिलिटर लाळेत सुमारे दहा कोटी जिवाणू असतात. परंतु लाळ सतत गिळली जात असल्याने तिच्यात तरंगणाऱ्या जिवाणूंना मुखात स्थैर्य नसते. टिकून राहायचे तर कशाला तरी चिकटून राहणे भाग असते. जीभ व गाल यांच्या पेशी झडतात, नव्या येतात. दात मात्र झडत नाहीत. त्यामुळे दाताचा पृष्ठभाग ही मुखातील सर्वांत मोलाची जागा ठरते.

दात घासल्यानंतर काही मिनिटांतच लाळेतील प्रथिनांचे एक पातळ आवरण दातावर चढते. या आवरणाला प्रथम चिकटणाऱ्या जिवाणूंत स्ट्रेप्टोकॉकस वर्गातील सँग्विनिस, गॉर्डोनी, ओरॅलिस, मायटिस हे प्रमुख होत. त्यांच्यावर इतर जिवाणू येऊन बसतात आणि काही दिवसांत अनेक थरांची दाट वसाहत उभी राहते. म्यूटन्सला या प्रथिन-आवरणावर तितक्या सहजतेने जम बसवता येत नाही. साखरेपासून चिकट बहुशर्करा तयार करणे हा त्याचा जम बसवण्याचा मार्ग आहे. येथेच साखरेचा या स्पर्धेत पहिल्यांदा प्रवेश होतो.

दोन अस्त्रे

सँग्विनिस आणि गॉर्डोनी यांचे अस्त्र म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधाच्या दुकानात जखम धुण्यासाठी मिळते तेच रसायन. या जिवाणूंत पायरुव्हेट ऑक्सिडेज नावाचे विकर असते. पायरुव्हेट व प्राणवायू यांच्यापासून हे विकर ॲसिटाइल फॉस्फेट तयार करते. त्यातून जिवाणूला ऊर्जा मिळते आणि त्याच वेळी हायड्रोजन पेरॉक्साइड बाहेर पडते. म्हणजे हे अस्त्र घडवण्यासाठी वेगळा खर्च करावा लागत नाही. चरितार्थ चालवतानाच ते हाती येते. म्यूटन्सला हे रसायन सोसवत नाही. लाळेतील पेरॉक्सिडेज हे विकर याच पेरॉक्साइडच्या साहाय्याने थायोसायनेटपासून हायपोथायोसायनाइट हे जिवाणूरोधक संयुग तयार करते. त्यामुळे या झुंजीत यजमान मानवी शरीरही एका अर्थाने सहभागी असते.

म्यूटन्सचे अस्त्र निराळ्या जातीचे आहे. तो ‘म्यूटासिन’ नावाची लहान प्रथिने स्रवतो. एका जिवाणूने आपल्या जवळच्या नात्यातील जिवाणूंना मारण्यासाठी तयार केलेल्या अशा प्रथिनांना बॅक्टेरिओसिन म्हणतात. अन्न टिकवण्यासाठी वापरले जाणारे नायसिन हे याच कुळातले. एका जिवाणूने दुसऱ्याला रोखण्याची ही घटना विज्ञानाला नवी नाही. लुई पाश्चर व ज्यूल झुबेर यांनी १८७७ मध्येच काळपुळीच्या जिवाणूंची वाढ इतर जिवाणूंमुळे खुंटते हे नोंदवले होते. म्यूटासिनांचे वैशिष्ट्य असे, की ती सदासर्वदा तयार होत नाहीत. म्यूटन्स एक छोटे संकेत-प्रथिन परिसरात सोडत राहतो. आपल्या जातीच्या पेशींची दाटी झाली की या संकेताचे प्रमाण वाढते आणि ठरावीक पातळी गाठल्यावर म्यूटासिनांची निर्मिती सुरू होते. एकट्यादुकट्या पेशीने विष सोडून काही साधत नाही. संख्याबळ जमल्यावरच ते परवडते.

याच संकेताने आणखी एक क्रिया चालू होते. शेजारचा जिवाणू मरून फुटला की त्याचा डीएनए आसपास पसरतो आणि नेमक्या त्याच वेळी म्यूटन्स बाहेरील डीएनए आत ओढून घेण्यास सज्ज झालेला असतो. पराभूताच्या जनुकांतून स्वतःला उपयुक्त ते उचलण्याची ही सोय आहे, असे लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील येन्स क्रेथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये सुचवले.

गॉर्डोनी येथे गप्प बसत नाही. त्याच्यापाशी एक प्रथिनभंजक विकर आहे. ते म्यूटन्सच्या संकेत-प्रथिनाचेच तुकडे करते. संकेत पोहोचला नाही की म्यूटासिन तयार होत नाही. विष निष्प्रभ करत बसण्यापेक्षा ते तयार करण्याचा हुकूमच मधल्या मध्ये गायब करण्याचा हा प्रकार आहे. ‘युद्ध’, ‘अस्त्र’, ‘हुकूम’ हे शब्द अर्थातच रूपकात्मक आहेत. जिवाणूला हेतू नसतो. परंतु हे रूपक पूर्णपणे टाळून या घटना मराठीत सांगणे कठीण आहे, हेही मान्य करावे लागेल.

आधी कोण आले?

दोन तुल्यबळ प्रतिस्पर्ध्यांपैकी कोण जिंकतो? क्रेथ व सहकाऱ्यांनी २००५ मध्येच प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात याचे सुटसुटीत उत्तर मिळते. पोषक आगर माध्यमावर प्रथम सँग्विनिसचा ठिपका लावला आणि तो वाढल्यावर शेजारी म्यूटन्स लावला, तर म्यूटन्सची वाढ रोखली जाते. क्रम उलटा केला, तर सँग्विनिस रोखला जातो. दोन्ही एकाच वेळी लावले, तर दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. जिवाणूंची संख्या, पोषणद्रव्यांची उपलब्धता आणि आम्लता यांनुसार निकाल बदलतो, असेही या अभ्यासात आढळले. ‘ज्याने आधी जागा धरली त्याची सरशी’ हा आगगाडीच्या डब्यातला अनुभव येथेही खरा ठरतो.

प्रयोगशाळेतील बशीत दिसलेली ही गोष्ट बालकाच्या मुखात विशेष महत्त्वाची ठरते. नवजात अर्भकाला दात नसतात. सँग्विनिस आणि म्यूटन्स या दोघांनाही स्थिरावण्यासाठी दातासारखा कठीण पृष्ठभाग लागतो. अमेरिकेत पेज कॉफील्ड व सहकाऱ्यांनी ४६ माता आणि त्यांची बालके यांचा बालकाच्या जन्मापासून पाठपुरावा करून १९९३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ३८ बालकांच्या मुखात म्यूटन्स-गटातील जिवाणू दाखल झाले. त्या वेळचे मध्यक वय २६ महिने होते आणि बहुतेकांच्या बाबतीत ही घटना १९ ते ३१ महिन्यांच्या दरम्यान घडली. उर्वरित ८ बालकांच्या मुखात अभ्यासाच्या काळात हा जिवाणू आलाच नाही. याच संशोधकांनी २००० मध्ये सँग्विनिसविषयीची निरीक्षणे मांडली. तो पहिले दात आल्यानंतर, सुमारे नवव्या महिन्यात, दाखल होत होता. आणि ज्या बालकांच्या मुखात त्याने चांगला जम बसवला होता, त्यांच्यात म्यूटन्सचे आगमन लांबलेले दिसले.

म्यूटन्स बालकाकडे येतो तो बहुतांशी घरातूनच, आणि त्यातही मुख्यत्वे आईकडून. घास चाखून भरवणे, एकच चमचा वापरणे या मायेच्या सवयींना यावरून दोष देण्याचा मोह होतो. परंतु तो उथळ ठरेल. त्याच लाळेतून सँग्विनिसही येतो. आईच्या मुखात कोणाचे प्राबल्य आहे आणि बालकाला कोणत्या वयात, कशाची व किती वेळा गोडी लावली जाते, यांवर पुढचे अवलंबून राहते. मातेच्या दातांवर वेळीच उपचार होणे हा बालकाच्या दातांच्या रक्षणाचा भाग मानला जातो, तो याच कारणाने. गर्भारपणात दातांकडे दुर्लक्ष करण्याची आपल्याकडील रीत या दृष्टीने महागात पडणारी आहे.

साखर पारडे कसे फिरवते

आधी जागा धरलेल्या जिवाणूंचे वर्चस्व कायमचे नसते. १९४० च्या दशकात रॉबर्ट स्टीफन यांनी साखरेच्या द्रावणाने चूळ भरल्यावर प्लाकमधील सामू, म्हणजेच पीएच, काही मिनिटांतच झपाट्याने खाली येतो आणि पूर्वपदावर येण्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ घेऊ शकतो, हे मोजून दाखवले. सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला की दाताच्या कठीण आवरणातील खनिज विरघळू लागते. लाळेमुळे सामू पुन्हा वर आला की गेलेले खनिज काही अंशी परत बसते.

दाताच्या दृष्टीने घडणारी ही घट-भर सर्वपरिचित आहे. याच काळात जिवाणूंमध्ये काय घडते, हे त्यामानाने कमी ज्ञात आहे. आम्ल वाढले की सँग्विनिस व गॉर्डोनी मंदावतात. म्यूटन्स मात्र पेशीतील हायड्रोजन आयन बाहेर फेकणाऱ्या यंत्रणेच्या बळावर तग धरतो आणि आम्ल तयार करतच राहतो. म्हणजे त्याचे सामान्य टाकाऊ द्रव्यच त्याचे तिसरे अस्त्र बनते. दुसरे असे, की ग्लुकोज मुबलक असले की गॉर्डोनीमध्ये पायरुव्हेट ऑक्सिडेजच्या जनुकाला लगाम बसतो आणि पेरॉक्साइडची निर्मिती घटते. सँग्विनिसमध्ये हा लगाम आढळत नाही. एका रक्षकाचे हत्यार साखर अशा रीतीने परस्पर काढून घेते. तिसरे असे, की म्यूटन्स साखरेपासून तयार करत असलेल्या अविद्राव्य बहुशर्करेने प्लाक जाड व चिवट होतो आणि खोल थरांत प्राणवायू पोहोचेनासा होतो. प्राणवायू नसेल तर पेरॉक्साइडही नाही.

प्रतिकाराची एक बाजू येथे नोंदवणे आवश्यक आहे. सँग्विनिस व गॉर्डोनी लाळेतील आर्जिनिन या अमिनो आम्लाचे विघटन करून अमोनिया तयार करतात. हा अमोनिया आसपासचे आम्ल शमवतो. दोन खाण्यांच्या मध्ये पुरेसा अवकाश असेल, तर ही यंत्रणा पुरी पडते. अवकाश नसेल, तर प्लाक दिवसाचा बराच काळ आम्लधर्मी राहतो आणि आम्ल सोसणाऱ्यांची निवड होत जाते. फिलिप मार्श यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या ‘पर्यावरणीय प्लाक गृहीतका’चा गाभा हाच आहे. रोग बाहेरून येत नाही. अगोदरच असलेल्या समूहातील प्रमाण बिघडते आणि ते बिघडवणारी परिस्थिती यजमान निर्माण करतो.

किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले याला महत्त्व का, याचा उलगडा यातून होतो. स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथील अभ्यासाने १९५४ मध्ये हे ठळकपणे पुढे आणले. जेवणासोबत घेतलेल्या साखरेपेक्षा दोन जेवणांच्या मध्ये वारंवार चघळलेल्या चिकट टॉफीमुळे दात अधिक किडले. हा अभ्यास मतिमंद रुग्णांच्या संस्थेत, त्यांच्या संमतीशिवाय केला गेला. त्याचा निष्कर्ष उद्धृत करताना ही बाब वगळणे योग्य नव्हे. आपल्याकडे सणाच्या दिवशी पानात वाढलेल्या पुरणपोळीपेक्षा दिवसभर तासातासाने घेतला जाणारा गोड चहा, किंवा बाळाच्या तोंडात रात्रभर राहणारी गोड दुधाची बाटली, या दृष्टीने अधिक घातक आहे.

पुरातत्त्वीय पुरावाही याच दिशेने जातो. दात झिजले तरी किटण शतकानुशतके टिकते आणि त्यात जिवाणूंचा डीएनए अडकून राहतो. ख्रिस्तिना ॲडलर व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये युरोपातील ३४ प्राचीन सांगाड्यांच्या किटणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. शेतीच्या आरंभाबरोबर आणि पुढे औद्योगिक काळात, बारीक पीठ व साखर स्वस्त झाल्यावर, मुखातील जिवाणूंच्या समूहात मोठे बदल झाले आणि त्यातील विविधता घटत गेली, असे त्यांना आढळले.

मित्र कोण, शत्रू कोण?

सँग्विनिस-गॉर्डोनी म्हणजे सज्जन आणि म्यूटन्स म्हणजे दुर्जन, अशी विभागणी मात्र करता येत नाही. हिरड्यांच्या गंभीर विकाराशी संबंधित असलेला ‘ॲग्रिगॅटिबॅक्टर ॲक्टिनोमायसेटेमकॉमिटान्स’ हा जिवाणू गॉर्डोनीने टाकलेले लॅक्टिक आम्ल अन्न म्हणून वापरतो. त्यासाठी त्याला गॉर्डोनीच्या जवळ राहावे लागते आणि जवळ राहिले की पेरॉक्साइडचा मारा सोसावा लागतो. तो पेरॉक्साइडची चाहूल घेऊन ते नष्ट करणारे कॅटॅलेज हे विकर वाढवतो. शिवाय मानवी प्रतिकारशक्तीपासून बचाव करणारे प्रथिनही अधिक प्रमाणात तयार करतो. म्हणजे एका जिवाणूला रोखणारे रसायन दुसऱ्याला अधिक उपद्रवी बनवते. त्याच सँग्विनिस व गॉर्डोनीने जखमेवाटे रक्तात प्रवेश केला, तर आधीच सदोष असलेल्या हृदयाच्या झडपांना ते गंभीर संसर्ग घडवू शकतात. जिवाणूचे ‘चांगले’पण हे त्याच्या स्थानाशी बांधलेले असते.

हस्तक्षेपाचे प्रयत्न

सरसकट सर्व जिवाणू मारण्याचा मार्ग या पार्श्वभूमीवर तपासून पाहण्याजोगा आहे. क्लोरहेक्सिडिनयुक्त गुळण्यांना दंतवैद्यकात निश्चित स्थान आहे. परंतु त्यांचा दीर्घकाळ, सल्ल्याविना वापर निर्धोक नाही. जिभेवरील काही जिवाणू अन्नातील नायट्रेटचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात आणि त्यापासून शरीरात रक्तवाहिन्या सैल करणारे नायट्रिक ऑक्साइड तयार होते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात १९ निरोगी व्यक्तींनी सात दिवस जंतुनाशक गुळण्या केल्यावर त्यांचा रक्तदाब २ ते ३.५ मिलिमीटरने वाढलेला आढळला.

दुसरा मार्ग अनुकूल जिवाणू मुखात सोडण्याचा. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाचे जॉन टॅग यांनी स्ट्रेप्टोकॉकस सॅलिव्हेरियसचा ‘के १२’ हा वाण अभ्यासला. तो दोन बॅक्टेरिओसिने तयार करतो आणि त्यांची जनुके एका मोठ्या प्लाझ्मिडवर असतात. तोंडाच्या दुर्गंधीवरील चाचणीत हा वाण देण्यापूर्वी स्वयंसेवकांना क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या कराव्या लागल्या, ही बाब बोलकी आहे. आधीच्या रहिवाशांना हटवल्याशिवाय नव्याला जागा मिळत नाही.

तिसरा मार्ग सर्वाधिक धाडसी आहे. जेफ्री हिलमन यांनी १९८० च्या दशकात भरपूर म्यूटासिन तयार करणारा म्यूटन्सचाच एक वाण वेगळा केला. तो स्वयंसेवकांच्या मुखात टिकून राहिला आणि तेथील मूळच्या म्यूटन्सची जागा त्याने घेतली. यानंतर त्यातील लॅक्टिक आम्ल घडवणारे जनुक काढून टाकण्याचे ठरले. केवळ तेवढे केल्यास हा जिवाणू जगू शकत नाही. म्हणून ताडीसारख्या आंबवलेल्या पेयांत आढळणाऱ्या झायमोमोनास मोबिलिस या जिवाणूचे एक जनुक त्यात घालण्यात आले. २००० मध्ये वर्णिलेला हा वाण लॅक्टिक आम्लाऐवजी मुख्यत्वे अल्कोहोल व ॲसिटॉइन तयार करतो आणि प्रयोगातील प्राण्यांत त्याने दात फारसे किडले नाहीत. माणसांवरील चाचण्यांसाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कडक अटी घातल्या. आवश्यकता पडल्यास जिवाणू मुखातून नाहीसा करता यावा म्हणून डी-ॲलानिन बाहेरून मिळाल्याशिवाय जगू न शकणारा उपवाणही तयार करण्यात आला. तरीही चाचण्या पूर्णत्वास गेल्या नाहीत.

२०२४ च्या सुमारास हिलमन यांच्या कामातून निघालेला असा एक वाण अमेरिकेत थेट ग्राहकांना विकण्यास आरंभ झाला. औषध म्हणून मान्यता घेण्याची पायरी मात्र ओलांडली गेली नव्हती. एकदा स्थिरावला की दीर्घकाळ टिकणे आणि नवागताला थोपवणे, हा या वाणाचा मुख्य गुण म्हणून सांगितला जातो. आईच्या मुखातील म्यूटन्स १९ ते ३१ महिन्यांच्या बालकाकडे जसा पोहोचतो, तसा हा बदललेला वाणही पोहोचेल काय आणि पोहोचल्यास त्या मुखात आधी कोणाला जागा मिळेल, याचे उत्तर विक्री सुरू होईपर्यंत कोणत्याही मानवी चाचणीतून मिळालेले नव्हते.